डाव्या हाताची साथ

आत्याला स्वतःचं असं आजारपण कधी परवडलंच नाही. टेकडीवरच्या झाडून साऱ्या माणसांची दुखणी तिच्या अंगावर होती, त्यात स्वतःचं आणखी एक कुठे कोंबणार? शिंप्याचा खोकला, बँडमास्तरांचे गुडघे, बेकरीवाल्याच्या सुनेची मळमळ, जे असेल ते घेऊन ती दिवसाआड पायऱ्या उतरायची आणि त्याची औषधं घेऊन वर यायची. बदली कामगार असतो, बदली ड्रायव्हर असतो, तशी ही बदली रोगी. टेकडीवर तिला सगळे बदलीआत्या म्हणत. या पदवीचा तिला एवढा अभिमान होता की कोणी नुसतं 'आत्या' म्हणून हाक मारली तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. सख्ख्या भाचीला तेवढी सूट होती.

हा उद्योग तिने हौसेने काढला नव्हता. महामारी आली तेव्हा खालच्या आरोग्य केंद्राच्या दारावर पाटी लागली: 'गर्दी टाळा. प्रत्येक वस्तीतून एकानेच यावे.' तेव्हा ते बरोबरच होतं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. टेकडीने आत्याला निवडलं, कारण तिचे गुडघे शाबूत होते, जीभ गुडघ्यांहून मजबूत होती, आणि घरी भांडायला नवरा उरलेला नव्हता.

त्याच दिवसांत तिचा भाऊ गेला. त्याला श्वास पुरेनासा झाला तेव्हा गाडीसाठी फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं की टेकडीवर रस्ता नाही, पेशंटला खाली आणा. बँडमास्तर आणि शिंपी यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची दोन्हीकडून उचलून पायऱ्या उतरायला सुरुवात केली. मधल्या वळणावर, जिथे टेकायला कठडा आहे, तिथे तो खुर्चीतच गेला. खाली उभ्या असलेल्या गाडीचा फिरता दिवा त्या वळणावरून स्पष्ट दिसत होता. भावाची मुलगी तेव्हापासून आत्याच्या खोलीत राहायला आली. खालच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी वर येऊन आत्याशी भांडायचं, असं तिचं आयुष्य सुरू झालं.

पुढे महामारी सरली. पायऱ्यांच्या तोंडाशी अडवणुकीचा दोर बांधलेला होता, तो कोणीतरी कपडे वाळत घालायला सोडून नेला. पाटी मात्र जागची हलली नाही. जिने ती लावली ती बाई दुसऱ्या खात्यात गेली होती, आणि तिच्या जागी आलेल्याचं म्हणणं असं, की ज्याने लावली त्यानेच काढायची, उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी? म्हणून त्याने जुनी पाटी तशीच ठेवून तिच्याखाली आपली नवी लावली: 'रुग्णाने स्वतः हजर राहावे.' नवा गडी नवं राज्य म्हणतात, पण इथे जुनं राज्यही गेलं नव्हतं.

दोन्ही पाट्या वाचून आत्या खिडकीशी गेली होती, तो दिवस तिला लख्ख आठवतो. खिडकीत एक गृहस्थ बसायचा. त्याचा जन्म बहुधा त्या खिडकीतच झाला असावा.

"शिंप्याच्या खोकल्यासाठी आलेय," आत्या म्हणाली.

"शिंपी आलाय?"

"तो कसा येणार? त्याच्याने पायऱ्या उतरवत नाहीत. आणि एकानेच यायचं ना, मग मी आलेय."

"बरोबर. एकानेच यायचं. आणि रुग्णाने स्वतः यायचं. म्हणजे जो आला तोच रुग्ण. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"पण खोकला शिंप्याला आहे हो."

खिडकीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, मला एवढंच सांगा. खोकला आलाय का?"

आत्याने क्षणभर विचार केला आणि शिंप्यासारखी खोकली. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी शिंपी देतो तशी एक शिवी.

"मग बसा की आत," खिडकीवाला म्हणाला आणि त्याने शिंप्याच्या नावाचा कागद पुढे पाठवला.

आत म्हणजे एक एवढीशी खोली. पूर्वी तिथे फडकी आणि बादल्या ठेवत. त्यांचा वास अजून गेला नव्हता. भिंतीवर पडदा, पडद्यावर कुठल्यातरी लांबच्या शहरातला डॉक्टर, समोर जमिनीला स्क्रूने ठोकलेलं स्टूल, आणि वायरला लोंबकळणारा रक्तदाबाचा पट्टा. आत गेलं की पट्टा डाव्या हाताला बांधायचा, मग तो आपोआप फुगायचा आणि हात दाबून सोडून द्यायचा. तोंडावर मास्क सक्तीचा होता, त्याची तिसरी पाटी होती. त्यामुळे डॉक्टरला दिसायचे ते फक्त दोन डोळे आणि कपाळ, तेही मधूनमधून गोठलेलं. शिवाय डॉक्टर दर वेळी नवा. आत्याने आजवर एवढे डॉक्टर बघितले, पण एकाचाही चेहरा तिच्या लक्षात राहिला नाही. त्यांनाही तिचा राहिला नसावा.

"तुम्ही निवृत्त बँडमास्तर का?" एकदा एका डॉक्टरने समोरचं वाचून विचारलं.

"हो."

"वय जास्त लिहिलंय. त्या मानाने आवाज बारीक आहे तुमचा."

"आयुष्यभर बिगुल फुंकलं. होता तेवढा आवाज त्यात गेला," आत्याने सांगितलं. डॉक्टरने मान हलवून पुढची ओळ वाचली. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, अशी आपली म्हण. इथे मिशांवाचूनच भागत होतं.

बेकरीवाल्याच्या सुनेची पाळी आली तेव्हा मात्र कमाल झाली. आत्या डोक्याने पिकलेली, दातांनी अर्धी रिकामी. पण ती स्टुलावर अशी काही कमरेला हात लावून टेकली की पडद्यावरच्या तरुण डॉक्टरणीने तिचं तोंडभरून अभिनंदन केलं आणि जड उचलू नका म्हणून बजावलं. आत्या खरोखरची लाजली. त्या दिवशी वर येताना तिने पिशवीसुद्धा हातात धरली नाही, बेकरीवाल्याला खाली बोलावून घेतलं.

हे असं सोंग वठवणं सोपं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ती रोग्याच्या घरी जाऊन बसायची. "खोका," म्हणायची. "पुन्हा खोका. आता उठताना कुठे कळ येते ते बघू. नाही नाही, कण्हू नका, कण्हायचं मी बघते." मास्तर बसताना 'एक, दोन' असं बँडच्या चालीवर म्हणत, तेही ती उचलायची. घरी येऊन भाचीसमोर तालीम व्हायची. भाची इस्त्री करून करून थकलेली असायची, तरी मान वर करून म्हणायची, "मास्तर जरा डावीकडे कलतात, आत्या." या सगळ्यात आत्याने एक नियम पाळला होता आणि त्यावर तिचा फार जीव होता. पदरचं काही घालायचं नाही. तिखटमीठ लावायचं नाही. दुसऱ्याचं दुखणं जेवढं आणि जसं, तेवढंच आणि तसंच पोहोचवायचं.

म्हणून त्या सकाळी मास्तर गोळ्यांची पट्टी हातात घेऊन दारात उभे राहिले तेव्हा ती चिडली.

"बदलीआत्या, माझे गुडघे दुखतात."

"ते काय मला सांगता? काल मीच दुखवून आले की."

"मग ही गोळी हृदयाची का दिलीय? शिंप्यालाही हीच. बेकरीवाल्याच्या सुनेलाही हीच दिली होती, तिने भीतीने घेतली नाही. परवा सुताराची दाढ घेऊन गेला होतात तुम्ही, दाढेलाही हीच!"

"मी पदरची एक शिंकसुद्धा घातली नाही," आत्या म्हणाली. "तुम्हीच माझ्यापासून काहीतरी लपवताय. हृदय काढून दाखवा, म्हणजे बघते."

मास्तर निघून गेले. आत्याला ते फार लागलं. एवढी वर्षं प्रामाणिकपणे आजारी पडून शेवटी हेच ऐकायचं होतं, असं ती भाचीला रागारागाने म्हणाली. त्यानंतर खाली जाताना तिने हात आखडता घेतला. खोकला निम्म्यावर आणला, गुडघे नुसते वानगीदाखल दाखवले. काही उपयोग झाला नाही. प्रत्येक वेळी तो पट्टा फुगायचा, हात दाबायचा, पडद्यावरचा डॉक्टर भुवया जवळ आणायचा आणि तीच गोळी लिहायचा. पट्टा कोणाच्या हातावर आहे हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. डॉक्टरच्या नाही, खिडकीवाल्याच्या नाही, आणि ज्या बाईचा तो हात होता तिच्या तर मुळीच नाही.

मधल्या काळात पायऱ्या उंच झाल्या होत्या. निदान आत्याला तरी तसं वाटायचं. खाली कोणीतरी चार-दोन पायऱ्या गुपचूप वाढवल्यात, असं तिने शिंप्याला सांगितलंही. वळणावरच्या कठड्याशी ती पूर्वी थांबायची ती भावाची आठवण म्हणून. आता बसायचीच. घाम पुसायची, डावा हात चोळायची आणि स्वतःशी पुटपुटायची, "मास्तरांचं अजून उतरलं नाही वाटतं अंगातून." सोंग उतरायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं. दम लागला की तो शिंप्याचा असे. हात दुखला की तो बेकरीवाल्याचा, बिचारा पहाटेपासून पीठ मळतो. प्रत्येक कळेला तिने एकेक धनी नेमून दिला होता, आणि आपल्या अंगात परक्यांची एवढी वर्दळ आहे याचं तिला आतून कौतुकच वाटायचं.

मग एक दिवस खिडकीवाल्याने तिला बघून खिडकीचं दार अर्धं खाली ओढलं. औषधाची पुडी त्याने झाडूच्या दांड्याने तिच्याकडे सरकवली.

"काय झालं?"

"तिकडेच थांबा! तुमच्या टेकडीवर साथ आलीय. नवीनच. डावा हात, दम आणि घाम. वरच्या ऑफिसातल्या यंत्राने पकडलं. टेकडीवरून जो येतो त्याला तेच निघतंय. पोटातल्या बाळाला, दाढेला, कोणालाही सोडत नाही."

आत्या पायऱ्या चढून गेली ती धापा टाकतच. टेकडीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "अरे, साथ आलीय, साथ!"

"कोणाला?" शिंप्याने मशीनवरून मान वर करून विचारलं.

"तुम्हालाच की! सगळ्यांना!"

लोकांनी आपापले डावे हात वर करून पाहिले. मागच्या वेळची भीती अजून कोणाच्या पोटातून गेलेली नव्हती, त्यामुळे हसायला कोणी धजावलं नाही. बेकरीवाल्याने भट्टी बंद केली.

एका माणसाला धाप लागली तेव्हा टेकडीवर रस्ता नव्हता, होऊ शकत नव्हता, तसा तज्ज्ञांचा अभिप्राय होता. साथ आली म्हटल्यावर रस्ता झाला. जाड लोखंडी पत्रे घेऊन माणसं आली, त्यांनी पायऱ्यांच्या बाजूने नागमोडी पत्रे अंथरले, खाली टेकू दिले, आणि त्यांच्यावरून पांढरी गाडी गुरगुरत थेट मास्तरांच्या बँडच्या खोलीपर्यंत चढली. भाची तेव्हा कामावरून वर येत होती. मधल्या वळणावर कठड्याला घासून गाडी गेली तशी ती तिथेच बसली. "रस्ता होत होता," ती म्हणाली. "आत्या, होत होता गं रस्ता." कठड्याशी दम खात बसलेल्या आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. राग दोघींनाही आला होता, पण तो नेमका कोणावर काढायचा हे कळेना, म्हणून त्या पत्र्यांवरून चालत घरी आल्या.

गाडीतून पांढऱ्या पोशाखातली पथकाची माणसं उतरली. त्यांचे एक साहेब होते. त्यांच्या चेहऱ्यावरची काच सारखी वाफेने धुरकट व्हायची, मग ते पोशाखाच्या कोपराने ती बाहेरून पुसायचे आणि आतून वाफ आहे हे लक्षात येऊन थांबायचे. बँडच्या खोलीत, खुंटीला टांगलेल्या पोचे पडलेल्या बिगुलांखाली, टेबल मांडलं गेलं. सकाळपासून सगळी टेकडी रांगेत उभी राहिली. आत्या मात्र रांगेत नव्हती. ती पथकाच्या दिमतीला होती. एवढी वर्षं ज्यांचे आजार तिने पाठ केले होते ते मूळ धनी आज जातीने हजर होते, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला तिच्याहून लायक कोण? "हा शिंपी. याचा खोकला ऐकून घ्या. माझ्याएवढा नाही जमणार त्याला, पण ऐका," असं ती प्रत्येकाला पुढे ढकलत म्हणायची. स्वतः साहेबांनीच तिला विचारलं, "तुमची तपासणी?" तर ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" आणि ते खरंही होतं. केंद्रात तिच्या स्वतःच्या नावावर आजवर साधं पडसंही नव्हतं.

शिंप्याने जीव तोडून खोकून दाखवलं.

"खोकला आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाले. "डावा हात दाखवा."

मास्तर गुडघ्यांबद्दल बोलू लागले.

"गुडघे आमच्याकडे येत नाहीत. डावा हात."

सगळ्यांच्या डाव्या हाताला पट्टा बांधला गेला आणि सगळ्यांचा डावा हात ठणठणीत निघाला. दुपारपर्यंत साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पत्रे अंथरलेले, गाडी चढवलेली, वरती कळवून मोकळे झालेले, आणि साथीचा पत्ता नाही. डोंगर पोखरून उंदीर निघाला तर निदान उंदीर तरी दाखवता येतो, इथे तोही नव्हता.

भाची त्या दिवशी कामावर गेली नव्हती. ती दारात उभी राहून आत्याकडे बघत होती. आत्या पाण्याची कळशी घेऊन पथकाकडे निघाली होती. बँडच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली. कळशी खाली ठेवली. कपाळावर घाम आला होता आणि उजव्या हाताने तिने डावा हात खांद्याखाली घट्ट धरला होता.

"आत्या, ही कोणाची कळ?" भाचीने जवळ येऊन विचारलं.

"मास्तरांची. जाईल आता."

"मास्तर समोर बसलेत. त्यांचा हात चांगला आहे, आत्ताच तपासला."

"मग शिंप्याची असेल. सुई धरून धरून..."

"शिंप्याचाही चांगला आहे. बेकरीवाल्याचाही. सगळ्यांचा चांगला आहे, आत्या. तू उभी होतीस ना तिथे?"

आत्याने खोलीतल्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. ज्याच्या त्याच्या अंगात ज्याचं त्याचं दुखणं होतं. खोकला शिंप्याकडे होता, गुडघे मास्तरांकडे होते, दाढ सुताराकडे. सगळ्यांना सगळं परत देऊन झालं तरी तिच्या हातातली कळ तिथेच होती.

"मग कोणाची गं?" तिने विचारलं, आणि ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली.

भाचीने तिला धरून खुर्चीवर बसवलं आणि साहेबांच्या हातातला पट्टा जवळजवळ हिसकावून घेतला. पट्टा फुगला, आवळला, सुटला. यंत्राने तेच सांगितलं जे ते कित्येक दिवस सांगत होतं. साहेबांनी काच पुसली, आकडे परत पाहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं आणि तो पुन्हा पडला.

"एकच?" त्यांनी विचारलं.

"एकच काय? तिला गाडीत घाला की!" भाची म्हणाली.

"तसं करता येत नाही. गाडी साथीची आहे. साथ म्हणजे अनेक माणसं. एकाला झालं तर तो नुसता आजारी, साथ नाही." ते अगदी सौजन्याने बोलत होते, त्यात त्यांची चूक नव्हती, आणि म्हणूनच भाचीला त्यांच्या काचेवर कळशी आदळावीशी वाटली. "एकट्या आजारी माणसाने केंद्रात जायचं असतं. खाली पाटी आहे बघा, वस्तीतून एकानेच यावे. या एकट्याच आहेत, तेव्हा त्यांना काही अडचण येणार नाही. आणि हे पत्रे आता उचलावे लागतील. साथ नसताना ते अंथरलेले राहिले तर मला उत्तर द्यावं लागेल."

पथकातल्या दोघांनी पहिला पत्रा उचलायला वाकूनही पाहिलं. आत्या खुर्चीत बसली होती, ओठ पांढरे पडले होते. खुर्ची बँडच्या खोलीतलीच होती, मजबूत, लाकडी, दोन्ही बाजूंनी धरायला हात असलेली. शिंपी त्या खुर्चीकडे बघत होता. मास्तरही बघत होते. ती कुठली खुर्ची होती हे टेकडीवर कोणालाही सांगावं लागलं नसतं.

मास्तर उभे राहिले. एरवी 'एक, दोन' म्हटल्याशिवाय ते उठत नसत, आज एकदम उठले. त्यांनी हात गच्च धरला आणि म्हणाले, "साहेब, मला पण होतंय."

"काय होतंय?"

"तेच. हात. दम." आणि त्यांना दम लागला. असा लागला की छातीचा भाता वरखाली होऊ लागला आणि पुढचा शब्द फुटेना.

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिलं, कात्री ठेवली आणि आपला हात धरून भिंतीला टेकला. जमिनीवर बसण्याआधी त्याने एक शिवी घातली, ती सवयीने. बेकरीवाल्याची सून एका हाताने कडेवरचं थोरलं पोर सांभाळत होती, तिने पोराचाच डावा हात धरला. सुतार धापा टाकायचं विसरून नुसताच आडवा झाला. बघता बघता खोलीत, ओट्यावर, गल्लीत, जिकडे तिकडे माणसं हात धरून कण्हू लागली. सोंगं एकजात वाईट होती. कोणी घाम म्हणून तोंडावर कळशीतलं पाणी शिंपडत होतं, कोणी खांद्याऐवजी मनगट धरलं होतं. पण सगळ्यांनी ते कुठे पाहिलं होतं हे उघड होतं. गेले कित्येक दिवस आत्या पायऱ्या चढून येत होती, कठड्याशी बसत होती, हात चोळत होती, आणि टेकडी आपापल्या दारातून बघत होती. कोणी बोललं नव्हतं, एवढंच. तिला काय व्हायचंय, ती बदलीआत्या, असं सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

खुर्चीतून एक क्षीण आवाज आला.

"मास्तर... डावा. डावा हात! उजवा काय धरून बसलात?"

मास्तरांनी घाईने हात बदलला. साहेबांनी ते पाहिलं. सकाळी आपणच यांना धडधाकट ठरवलंय, हेही त्यांना पक्कं आठवत होतं. पण साथीशिवाय परत जाणं म्हणजे काय, तेही ते जाणून होते. त्यांनी काच पुसली, तिच्यातून काही दिसत नव्हतं, आणि म्हणाले, "साथ आहे. पत्रे राहू द्या. जिला सगळ्यात जास्त आहे तिला आधी घ्या."

गाडी पत्र्यांवरून खाली निघाली. भाची आत आत्याचा हात धरून बसली होती. मधलं वळण आलं, कठडा आला, आणि गाडी न थांबता पुढे गेली. भाचीने तोपर्यंत रोखून धरलेला श्वास सोडला.

मोठ्या इस्पितळात आत्याच्या हृदयाकडे जाणाऱ्या नळीत एक बारीक जाळी बसवली. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. हा डॉक्टर पडद्यावर नव्हता, साक्षात समोर होता आणि त्याला पूर्ण चेहरा होता. "कधीपासून दुखत होतं?" असं त्याने विचारलं तेव्हा आत्याला काय सांगावं सुचेना. दुसऱ्या कोणाचंही असतं तर तिने इत्थंभूत सांगितलं असतं.

ती पत्र्यांवरूनच परत आली. पत्रे अजून आहेत, कारण साथ अजून संपलेली नाही. संपेल कशी? दर आठवड्याला पांढरी गाडी वर येते, तिच्यातून खरीखुरी डॉक्टरीण उतरते, बँडच्या खोलीत बसते. सगळी टेकडी आधी रीतसर डावा हात धरते, साहेबांचा माणूस साथ चालू असल्याची नोंद करून बाहेर जाऊन बसतो, आणि मग शिंपी आपला स्वतःचा खोकला खोकतो, मास्तर आपले स्वतःचे गुडघे दाखवतात. खालच्या केंद्रात आता कोणी जात नाही. खिडकीवाल्याच्या पोटात दुखू लागलं, तेव्हा तोसुद्धा डावा हात धरून टेकडी चढून आला. सरकारदरबारी सगळी टेकडी आजारी आहे. निरोगी एकटी आत्या, कारण ती इस्पितळातून बरी होऊन आलीय, तसा कागद आहे.

सोंग घ्यायचे तिचे दिवस संपले, पण काम संपलं नाही. गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी ती सगळ्यांची तालीम घेते. खुर्चीत बसून काठी आपटते. "खांदा खाली! कण्हणं पोटातून येऊ द्या! सुतार, तुम्हाला झोप लागलीय का?" मास्तरांवर तिचा विशेष डोळा असतो. "मास्तर, त्या दिवशी काय झकास दम लागला होता तुम्हाला! अगदी अस्सल. मी एवढी वर्षं ह्या धंद्यात काढली, मला तसा कधी साधला नाही. तसा घ्या बघू."

मास्तर प्रयत्न करतात. छाती फुगवतात, भाता हलवतात. बिगुल वाजवल्यासारखं होतं, दम लागल्यासारखं होत नाही.

"कसं जमत नाही?" आत्या एकदा घरी येऊन भाचीला म्हणाली. "त्या दिवशी जमलं ना? मुद्दाम करतायत ते."

भाची चादरीची घडी घालत होती. ती थांबली.

"तो दम नव्हता, आत्या. मास्तर रडत होते."

 आत्या काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसली. पुढच्या तालमीला तिने सगळ्यांना नेहमीसारखं फैलावर घेतलं, सुताराला उठवलं, शिंप्याची शिवी कापली. मास्तरांची पाळी आली तशी ती उठून त्यांच्याजवळ गेली, त्यांचा उजवा हात उचलून डाव्या खांद्याखाली नीट ठेवला, आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही नुसतं एवढंच धरा. तुमचं पुरे आहे."